अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या जखमा आणि पूरक पोषण: घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

खुब्याचे हाड मोडल्यानंतर, पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या टप्प्यात अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध माणसाच्या माकडहाडावर, खुब्यावर किंवा टाचेवर दाबाने जखम (बेडसोर) झाली, की घरात दोन वस्तू लगोलग येतात: एअर बेड आणि प्रोटीन पावडरचा डबा. पहिली वस्तू बहुतेक वेळा योग्यच असते. दुसरीही योग्य असू शकते. पण ती या रुग्णाला हवी आहे का, हवी असल्यास किती, कशाच्या जोडीला आणि किती दिवस, हे ठरवण्याआधीच आणलेला डबा बहुधा फ्रीजवर अर्धा भरलेला पडून राहतो आणि जखम आहे तेवढीच राहते. घरी पहिल्यांदाच अशा रुग्णाची जबाबदारी घेणाऱ्या मुलासुनांसाठी, जोडीदारांसाठी आणि ब्युरोमार्फत आलेल्या मदतनीसांसाठी हा लेख आहे. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांचा निर्णय अंतिम मानून, त्यांच्यापुढे नेमकी माहिती घेऊन कसे जावे आणि त्यांनी सांगितलेले घरी कसे पार पाडावे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

पहिली पायरी: आधी दाब काढावा

हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी व तिच्याखालचे मांस तासन् तास दाबले जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि त्यातून ही जखम होते. रक्तच पोहोचत नसेल तर रक्तातून जाणारी प्रथिनेही तिथे पोहोचणार नाहीत, म्हणून दाब काढल्याशिवाय दिलेल्या कोणत्याही पूरकाचा जखमेला उपयोग होत नाही. एअर बेड असला तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. रुग्णाला पूर्ण आडव्या कुशीवर न ठेवता पाठीमागे उशी लावून सुमारे ३० अंश कलते ठेवावे. पोटरीखाली उशी घेऊन टाचा गादीला अजिबात टेकणार नाहीत असे पाहावे. भोक असलेली गोल रिंगची उशी वापरू नये, कारण तिच्या कडेने उलट दाब वाढतो. लाल पडलेल्या जागेवर तेल चोळण्याची आपल्याकडची सवयही सोडावी.

जखम कोणत्या टप्प्याची आहे हे डॉक्टरांकडून किंवा ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेकडून एकदा लिहून घ्यावे. कातडी शाबूत असून बोटाने दाबल्यावरही लाली पांढरी होत नसेल तर तो पहिला टप्पा. वरचा थर सोलवटला असेल तर दुसरा. चरबीपर्यंत खड्डा गेला असेल तर तिसरा. स्नायू किंवा हाड दिसत असेल तर चौथा. विशेष पूरकांचा विचार मुख्यतः दुसऱ्या टप्प्यापासून पुढे होतो. जखमेला दुर्गंधी येणे, भोवतीची कातडी गरम व सुजलेली होणे, ताप, अचानक आलेला गोंधळलेपणा किंवा गुंगी ही संसर्गाची लक्षणे असू शकतात. ती दिसल्यास आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दुसरी पायरी: रुग्ण कुपोषित आहे का, हे मोजून पाहावे

वृद्ध माणूस अंगाने भरलेला दिसला तरी कुपोषित असू शकतो, आणि कृश दिसणाऱ्या माणसाचे वजन वर्षानुवर्षे तेवढेच असू शकते. म्हणून नजरेच्या अंदाजावर न थांबता मोजमाप करावे. वजन घेता आले तर उत्तम. काही रुग्णालयांत खुर्चीसकट वजन करण्याचा काटा असतो आणि तपासणीला नेताना तिथे वजन मागून घेता येते. गेल्या तीन महिन्यांत तीन किलोंहून अधिक वजन उतरले असेल तर ती गंभीर बाब समजावी.

वजन घेणे शक्यच नसेल तर शिवणकामाची टेप पुरते. खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला असताना दंडाचा घेर घ्यावा. तो साडेतेवीस सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर वजन उंचीच्या मानाने बरेच कमी असण्याची शक्यता असते. पोटरीचा सर्वांत जाड भागातला घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू झडले आहेत असे समजतात. पक्षाघाताच्या रुग्णात लुळ्या बाजूचे माप घेऊ नये, आणि पायावर सूज असेल तर पोटरीच्या मापावर विसंबू नये. याशिवाय घरातल्यांनाच दिसणाऱ्या काही खुणा असतात: मनगटात बसणारी बांगडी कोपरापर्यंत सरकू लागते, नीट बसणारी कवळी ढिली होऊन जेवताना खडखडते, पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबतात. डॉक्टरांना सांगण्याजोगी ही माहिती आहे. ती क्षुल्लक समजून गाळू नये.

रक्तचाचण्यांत हिमोग्लोबिन, साखर व एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा), सोडियम आणि पोटॅशियम हे आकडे आहार ठरवताना लागतात. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी आले की घरात घबराट उडते आणि अल्ब्युमिनच्या महागड्या बाटल्या चढवण्याची मागणी होते. परंतु शरीरात संसर्ग किंवा दाह असला की, माणूस पोटभर जेवत असतानाही, अल्ब्युमिन उतरते. त्यामुळे पोषण मोजण्याचे साधन म्हणून ते विश्वासार्ह धरले जात नाही, आणि ती बाटली म्हणजे आहार नव्हे. ‘ताकदीच्या सलाईन’चेही तसेच आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० कॅलरींहूनही कमी, आणि प्रथिने शून्य. साखर घातलेले कपभर म्हशीचे दूध याहून अधिक देते.

तिसरी पायरी: गरजेचा आकडा काढावा

युरोप, अमेरिका आणि पॅसिफिक भागातील तज्ज्ञ संस्थांनी मिळून २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्याला ही जखम आहे आणि जो कुपोषित आहे किंवा होण्याच्या बेतात आहे, अशा प्रौढ रुग्णाला दररोज वजनाच्या दर किलोमागे ३० ते ३५ कॅलरी आणि सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींना दिवसाला १५०० ते १७५० कॅलरी आणि साधारण ६२ ते ७५ ग्रॅम प्रथिने. निरोगी माणसाला लागणाऱ्या प्रथिनांपेक्षा हा आकडा बराच मोठा आहे. खड्डा भरून काढणारे नवे मांस मुख्यतः प्रथिनांचे असते आणि जखमेतून रोज झिरपणाऱ्या द्रवाबरोबरही प्रथिने वाहून जातात. कॅलरी कमी पडल्या तर शरीर खाल्लेली प्रथिने इंधन म्हणून जाळून टाकते. तेव्हा नुसती प्रथिने वाढवून कॅलरींकडे दुर्लक्ष केल्यास प्रथिनांवरचा खर्च वाया जातो.

हा आकडा सर्वांना सरसकट लागू करू नये. मूत्रपिंडाचा जुना आजार असून डायलिसिस सुरू नसेल, तर प्रथिनांचे प्रमाण मूत्रपिंडतज्ज्ञानेच (नेफ्रॉलॉजिस्ट) ठरवावे. तिथे जखम भरण्याची गरज आणि मूत्रपिंडावरचा भार यांच्यात तडजोड असते आणि ती घरी करण्याजोगी नाही. यकृत किंवा हृदय कमकुवत असलेल्यांसाठीही आधी विचारावे. पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच पोटात गेले नसेल, तर एकदम भरपूर आहार सुरू केल्याने रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोकादायकरीत्या उतरू शकते. अशा रुग्णाचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळूच वाढवावा लागतो.

चौथी पायरी: तीन दिवसांची वही

आजवर पोटात किती गेले, हे कोणालाही तोंडी नीट सांगता येत नाही. ‘बऱ्यापैकी जेवतात’ हे उत्तर डॉक्टरांना निरुपयोगी असते. सलग तीन दिवस एका वहीत वेळ, पदार्थ, ताटात किती वाढले आणि किती उरले, हे लिहावे. वाटी घरातली एकच ठरवावी आणि तिच्यात किती मावते ते एकदा मोजून ठेवावे. वाढलेले लिहून उरलेले न लिहिणे ही या वहीतली सर्वांत मोठी खोट असते, म्हणून जो भरवतो त्यानेच ताट उचलण्यापूर्वी नोंद करावी.

मराठी घरातील अशा वहीचे एक पान बहुधा असे दिसते. सकाळी अर्धा कप दुधाचा चहा आणि चार बिस्किटे, सुमारे ३ ग्रॅम प्रथिने. नाश्त्याला अर्धी वाटी उपमा, अडीच ग्रॅम. दुपारी एक वाटी मऊ भात, त्यावर अर्धी वाटी पातळ वरण आणि चमचाभर तूप, साडेपाच ग्रॅम. संध्याकाळी पुन्हा चहा आणि एक टोस्ट, २ ग्रॅम. रात्री लहान वाटीभर मुगाची मऊ खिचडी, ५ ग्रॅम, आणि झोपताना अर्धा कप दूध, साडेतीन ग्रॅम. बेरीज २१ ते २२ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम ९०० कॅलरी. कोणीही उपाशी ठेवलेले नाही, सहा वेळा काही ना काही दिले आहे, तरी प्रथिने गरजेच्या एक तृतीयांशच पोहोचली आहेत. पूरक घ्यायचे ते या ४० ग्रॅमच्या तुटीसाठी. तूट माहीत नसताना डबा निवडणे म्हणजे माप न घेता कापड फाडणे होय.

पाचवी पायरी: आधी स्वयंपाकघरातून भर घालावी

आजारी माणसाला वाढीव पदार्थ खाववत नाहीत. त्यामुळे ताटाचा आकार तोच ठेवून त्यातला कस वाढवणे हा मार्ग व्यवहार्य ठरतो. एका पेल्यात, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात, साय काढलेल्या दुधाची पावडर दोन मोठे चमचे म्हणजे १५ ग्रॅम घोटून घातली, तर एरवी साडेसहा-सात ग्रॅम असलेली प्रथिने १२ ग्रॅमवर जातात. असे दोन पेले, थोडे थोडे करून, दिवसभरात दिले की निम्मी तूट भरते. वरण पातळ न ठेवता ३० ग्रॅम डाळीचे घट्ट केले तर त्यातून साडेसहा ग्रॅम मिळतात. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात; ते उकडून देण्यापेक्षा मऊ भुर्जी करून किंवा मऊ भातात शिजतानाच फेटून घालणे दात नसलेल्यांना सोपे जाते. माळकरी किंवा पूर्ण शाकाहारी घरांत तेच काम ५० ग्रॅम पनीर करते; ते किसून लापशीत, खिचडीत किंवा पराठ्याच्या सारणात घालावे, त्यातून सुमारे ९ ग्रॅम मिळतात. वाटीभर दही साडेचार-पाच ग्रॅम देते. दही टांगून केलेला चक्का त्याहून घट्ट आणि गिळायला सोपा. शेंगदाण्याचे बारीक कूट, भाजलेल्या डाळ्यांचे पीठ किंवा मेतकूट, सातूचे पीठ, कोकणातल्या घरी कुळथाचे पिठले, हे सारे उपयोगी आहे. मासे चालत असतील तर पापलेट किंवा सुरमईचा वाफवलेला तुकडा काटे बोटांनी चाचपून काढून द्यावा; ७५ ग्रॅममध्ये १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. कॅलरींसाठी प्रत्येक वाटीत चमचाभर तूप घालावे. एक चमचा म्हणजे ४५ कॅलरी.

पौष्टिक म्हणून ख्याती असलेले काही पदार्थ मात्र इथे फसवतात. नाचणीचे सत्त्व चांगलेच, पण नाचणीत मुळात १०० ग्रॅममागे सात ग्रॅमच प्रथिने असतात आणि गाळून काढलेल्या सत्त्वात त्याहून कमी. दोन चमचे सत्त्व पाण्यात शिजवले तर हाती ग्रॅम-दीड ग्रॅमही येत नाही. तेच दुधात शिजवावे. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. भाताची पेज, डाळीचे वरचे पाणी, नारळपाणी, ग्लुकोजचे पाणी यांनी पोट भरते आणि जेवणाची इच्छा जाते. पायाच्या सूपात जिलेटिन असते, पण शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सर्व अमिनो आम्ले त्यात नसतात. चवीसाठी द्यावे, प्रथिनांच्या हिशेबात धरू नये.

याहून अधिक नुकसान पथ्याच्या समजुतींनी होते. आंबट खाल्ले की जखम चिघळते, तुरीच्या डाळीने पू होतो, अंड्याने उष्णता वाढते, दह्याने कफ होतो, असे म्हणत शेजारीपाजारी एकेक पदार्थ बंद करवतात आणि शेवटी ताटात मऊ भात आणि तूप उरते. अन्नामुळे जखमेत पू होत नाही. तो जंतूंमुळे होतो. वयस्कर माणसांच्या श्रद्धेशी वाद घालत बसण्याऐवजी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘डाळ, दही, लिंबू चालेल’ असे लिहून आणावे. घरातल्या दहा वाक्यांपेक्षा त्या एका ओळीचे वजन जास्त असते.

सहावी पायरी: उरलेल्या तुटीसाठी पूरक निवडावे

वर सांगितलेली भर कागदावर ४० ग्रॅमची तूट भरून काढते, पण प्रत्यक्षात निम्मी वाटी परत येते. आठवडाभर मनापासून प्रयत्न करूनही वहीत १५-२० ग्रॅमची तूट राहत असेल, तर पूरकाची वेळ झाली असे समजावे. रुग्ण फारच कृश असेल किंवा जखम तिसऱ्या-चौथ्या टप्प्याची असेल तर आठवडाभरही थांबू नये. घरचा आहार आणि पूरक एकाच वेळी सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, संपूर्ण पोषण देणारी पावडर किंवा तयार पेय, ज्यात कॅलरी, प्रथिने, जीवनसत्त्वे सारेच थोडे थोडे असते. ज्याचे जेवणच कमी आहे त्याला हे योग्य. दुसरा, व्हे किंवा केसिन या दुधातल्या प्रथिनांपासून केलेली उच्च प्रथिनांची पावडर. कॅलरी बऱ्यापैकी जात असून प्रथिनेच कमी पडत असतील तर ही. तिसरा, जखमेसाठी म्हणून विकले जाणारे खास मिश्रण, ज्यात आर्जिनिन हे अमिनो आम्ल, जस्त आणि क जीवनसत्त्वासारखी अँटिऑक्सिडंट अधिक प्रमाणात असतात. मुलांच्या जाहिरातींतली चॉकलेटी माल्ट पेये यांपैकी कशातच बसत नाहीत.

डबा हातात घेतल्यावर समोरच्या बाजूवरची ठळक अक्षरे सोडून मागचा तक्ता वाचावा. ‘प्रति १०० ग्रॅम’ या रकान्यात प्रथिने किती, हे पाहावे. समजा ४०० ग्रॅमच्या डब्यावर १०० ग्रॅममागे १६ ग्रॅम प्रथिने लिहिली आहेत. म्हणजे पूर्ण डब्यात ६४ ग्रॅम, आजींच्या एका दिवसाच्या गरजेएवढी. हा डबा दिवसाला एक चमचा या दराने महिनाभर पुरवला, तर रोज दोन ग्रॅम प्रथिने दिल्याचे समाधान तेवढे मिळते. व्हे पावडरच्या ३० ग्रॅमच्या एका मापात मात्र २० ते २४ ग्रॅम प्रथिने असू शकतात. डब्याची किंमत त्यातल्या एकूण प्रथिनांच्या ग्रॅमने भागावी. मग महाग दिसणारा डबा कित्येकदा स्वस्त ठरतो. घटकांच्या यादीत पहिले नाव साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, रक्तातली साखर झटकन वाढवणारी पावडर) असेल तर मधुमेहींनी दूर राहावे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि मुदत तपासावी, आणि सुट्या पुडीत बांधून दिलेली ‘ताकदीची पावडर’ घेऊ नये.

तिसऱ्या प्रकारच्या मिश्रणाचा पुरावा काय सांगतो, हे खर्च करण्यापूर्वी माहीत असलेले बरे. इटलीत वृद्धनिवासांत आणि घरी राहणाऱ्या २०० कुपोषित रुग्णांवर झालेला एक नीट आखलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना जेवणाशिवाय रोज ४०० मिलिलिटर पूरक पेय देण्यात आले. कॅलरी आणि प्रथिने दोघांत सारखी, फक्त एका पेयात आर्जिनिन, जस्त आणि अँटिऑक्सिडंट जास्त. आठ आठवड्यांनी खास पेयाच्या गटात जखमेचे क्षेत्रफळ सरासरी ६०.९ टक्क्यांनी, तर साध्या पेयाच्या गटात ४५.२ टक्क्यांनी घटले. फरक खरा आहे. त्याआधी, २०१४ मध्ये, कॉक्रेन या संस्थेने तोवरचे २३ अभ्यास एकत्र तपासले होते आणि बहुतेक अभ्यास लहान व सदोष असल्याने पूरकांचा स्पष्ट फायदा दिसत नाही असा निष्कर्ष काढला होता. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१५ मध्ये प्रथिनांची पूरके देण्याची शिफारस केली, पण ती कमकुवत पुराव्यावरची आहे असे स्वतःच नमूद केले. या साऱ्यावरून माझे मत असे, की कुपोषित रुग्णात कॅलरी आणि प्रथिनांची तूट भरून काढण्याला पहिला मान द्यावा. आर्जिनिनयुक्त मिश्रण परवडत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर दोन महिने द्यावे. परवडत नसेल तर त्याची खंत करू नये. ज्याचे खाणे पुरेसे आहे, अशा रुग्णाला ते देण्यास फारसा आधार नाही.

औषधाच्या दुकानात आर्जिनिनची नुसती पाकिटेही मिळतात. ती स्वतःच्या मनाने आणू नयेत. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना रोज ९ ग्रॅम आर्जिनिन देऊन पाहणारा एक अमेरिकी अभ्यास, ज्यात ६० वर्षांवरील रुग्णही होते, मध्येच थांबवावा लागला होता, कारण आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात एकही नाही. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकार किंवा गंभीर संसर्ग असलेल्या वृद्धांबाबत म्हणूनच आधी विचारणे भाग आहे.

सातवी पायरी: जीवनसत्त्वे आणि खनिजे बेताने

क जीवनसत्त्वाच्या गोळ्या जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत असतात. जखम भरायला ते लागते यात शंका नाही, पण पुरेसे मिळत असलेल्यांना जास्त देऊन जखम लवकर भरते असे दिसत नाही: नेदरलँड्समधील ८८ रुग्णांवरच्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा निकाल दोनदा १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांहून सरस ठरला नाही. बिया गाळलेला पेरूचा गर, आवळा, वरणावर पिळलेले लिंबू हे रोज दिले तर गरज भागते. फळे अजिबात जात नसतील तर गोळी द्यावी.

जस्ताची कमतरता असेल तरच जस्ताची गोळी उपयोगी पडते, आणि तीही ठरावीक आठवड्यांसाठीच. रोज ४० मिलिग्रॅमच्या वर जस्त दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील तांबे कमी होऊन रक्तक्षय होऊ शकतो. इथे आकड्यांची गल्लत होते: २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष जस्त ५० मिलिग्रॅम असते. पूरक पेयात, मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणि वेगळ्या गोळीत मिळून किती जस्त जाते याची बेरीज करावी. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह, आणि शाकाहारी वृद्धांत ब-१२ ची तपासणी, हे डॉक्टरांकडे काढावेत असे विषय आहेत.

औषधांशी होणारे खटके लक्षात ठेवावेत. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक जस्त, लोह, कॅल्शियम किंवा दुधाबरोबर दिल्यास नीट शोषले जात नाही; ते पूरकाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर द्यावे. पार्किन्सनच्या रुग्णात प्रथिने लेव्होडोपा या औषधाच्या आड येतात, म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी द्यावी आणि प्रथिने कोणत्या वेळी द्यायची ते विचारून घ्यावे. वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारोल हे रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू असेल तर संपूर्ण पोषणाच्या पेयात के जीवनसत्त्वही असते हे ध्यानात घेऊन, ते पेय सुरू किंवा बंद करताना आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासावा.

आठवी पायरी: भरवण्याची पद्धत

नवे पूरक पहिल्या दोन दिवसांत ५० मिलिलिटरपासून सुरू करावे आणि जुलाब किंवा पोटफुगी न झाल्यास वाढवत न्यावे. जेवणाबरोबर दिल्यास जेवण कमी होते. म्हणून दोन जेवणांच्या मधल्या वेळी, जेवणाच्या तासभर तरी आधी, घोट घोट द्यावे. पुष्कळांना ते गार केलेले आवडते. दुधात कालवलेले पेय उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये. उघडलेले तयार पेय फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवावे. जुलाब लागले तर पूरक लगेच थांबवून कारण शोधावे, कारण माकडहाडावरची जखम वारंवार विष्ठेने भिजली तर आठवड्याची कमाई दोन दिवसांत जाते. दुधाने पोट बिघडत असेल तर दही, चक्का किंवा लॅक्टोज नसलेले पूरक चालून जाते.

भरवताना एक अडचण खरोखरच अवघड असते. श्वासनलिकेत अन्न जाऊ नये म्हणून रुग्णाला शक्य तितके ताठ बसवावे लागते आणि भरवल्यानंतरही अर्धा तास डोके वर ठेवावे लागते. पण तसे बसवल्याने तो खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी चादरीवर ओढली जाऊन जखम आणखी फाटते. यावर उपाय असा, की आधी गुडघ्यांखाली उशी देऊन पाय किंचित वर घ्यावेत, मग पाठ उचलावी. भरवून झाल्यावर अर्ध्या तासाने पाठ ३० अंशांपर्यंत खाली आणावी आणि त्या वेळीच कूस बदलावी. घसरलेल्या रुग्णाला काखेत धरून वर ओढू नये. खाली घडी घातलेल्या चादरीच्या दोन्ही कडा दोघांनी धरून उचलावे.

घोट घेतल्यावर खोकला येणे, आवाज घोगरा-ओलसर होणे, घास गालात साठून राहणे या गिळण्याच्या त्रासाच्या खुणा आहेत. अशा वेळी पातळ पेय अधिक धोक्याचे असते. गिळण्याची तपासणी करून घ्यावी आणि सांगितल्याप्रमाणे घट्ट करून द्यावे. नाकातून नळी असेल तर प्रत्येक वेळी आधी व नंतर सुमारे ३० मिलिलिटर पाणी सोडावे, डोके ३० ते ४५ अंश वर ठेवावे, आणि घरगुती मिश्रण नीट गाळावे. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात मात्र केवळ जखम भरावी म्हणून नळी घालण्याचा आग्रह धरू नये. अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीने २०१४ मध्ये अशा रुग्णांत नळीऐवजी हाताने, त्यांच्या कलाने भरवण्याची शिफारस केली आहे. नळीमुळे या जखमा टळतात किंवा भरतात असे आढळलेले नाही. आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यांत ग्रॅमचा हिशेब सोडून आवडीचे दोन चमचे द्यावेत.

पाणी वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे ५० किलोला दीड लिटर, दूध-ताक धरून द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्यावर बंधन असेल तर तेच पाळावे.

नववी पायरी: परिणाम पाहणे आणि पूरक थांबवणे

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ड्रेसिंगच्या वेळी जखमेशेजारी कागदी पट्टी धरून फोटो काढावा. लांबी, रुंदी आणि खोली वहीत लिहावी. वजन किंवा दंडाचा घेर महिन्यातून एकदा पुरे. मधुमेहींमध्ये पूरक सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात साखर अधिक वेळा तपासावी, कारण इन्सुलिनची मात्रा बदलावी लागू शकते. दोन आठवड्यांत जखम जराही आक्रसली नाही तर दुसरा, अधिक महाग डबा आणण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात: रात्रीची कूस खरोखर बदलली जाते का, एअर बेड नीट फुगलेला आहे का, जखमेत काळे मृत मांस किंवा संसर्ग आहे का, आणि वहीतला आकडा पोटात गेलेल्याचा आहे की वाढलेल्याचा.

जखम पूर्ण बुजली की पूरक एकदम बंद न करता आधी निम्म्यावर आणावे आणि पुन्हा तीन दिवसांची वही लिहावी. घरच्या अन्नातून किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने जात असतील तर उरलेले निम्मेही थांबवता येते. भरलेल्या जागेची कातडी मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के मजबूत होते आणि तिथपर्यंत पोहोचायलाही तिला बरेच महिने लागतात, म्हणून डबा थांबला तरी त्या जागेवरचा दाब आणि दोन तासांचे वेळापत्रक पूर्वीसारखेच सांभाळावे.